बोट लागते म्हणजे नेमकं काय होतं?

मराठीत 'लागणे' हे क्रियापद मोठं सोयीचं आहे. ऊन लागतं, ठेच लागते, दृष्ट लागते, आणि बेळगावहून गोव्याला निघालं की चोर्ला घाटात गाडी लागते. आमच्याकडच्या कितीतरी पिढ्यांनी तो घाट हातात लिंबू आणि खिशात ॲव्होमिन घेऊन पार केलाय. याच क्रियापदाचा समुद्रावरचा प्रयोग म्हणजे 'बोट लागणे'. आम्ही समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर राहणारी माणसं, त्यामुळे हा प्रयोग आमच्या घरात फारसा ऐकू येत नव्हता. मावशी क्रूझवर गेली आणि आला.

मावशी आणि काका बेळगावात टिळकवाडीला राहतात. लेक-जावई सिडनीला. त्यांनी दोघांना न्यूझीलंडची बारा-तेरा दिवसांची क्रूझ घालून दिली. सिडनीहून निघालं की आधी दोन दिवस नुसतं पाणी, मग न्यूझीलंडचा किनारा. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा व्हॉट्सॲपवर फोन आला. आवाज खोल गेलेला. "अरे, हे जहाज करकरतंय बघ. मोडणार-बिडणार नाही ना? आणि माझ्या पोटात काय चाललंय काय सांगू. जीव नको झालाय की रे." मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून असल्या प्रश्नांना मी घरचा डॉक्टर आणि घरचा कप्तान, दोन्ही.

मावशीने एका दमात दोन प्रश्न विचारले होते: जहाजाला काही होणार आहे का, आणि मला काय होतंय. आतून आपल्याला ते एकच वाटतात. पोट जितकं ढवळतं तितकं जहाज धोक्यात, असा हिशेब मन आपोआप मांडतं. तो हिशेब चुकीचा आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळ्या यंत्रांत आहेत. एक यंत्र जहाज, दुसरं आपला कान.

पण आधी लाट.

बेळगावच्या किल्ला तलावावर कितीही वारा सुटला तरी पाण्यावर नुसत्या सुरकुत्या पडतात. तोच वारा हिडकल धरणाच्या जलाशयावर वाहिला तर काठावर चांगल्या लाटा आपटतात. वारा तोच, मग फरक कशाचा? पाण्यावरून वाऱ्याला धावायला मोकळी जागा किती मिळाली, याचा. लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि किती लांबवर वाहिला. आता दक्षिण गोलार्धाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. चाळीस ते पन्नास अंश दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात दक्षिण अमेरिकेचं निमुळतं टोक, टास्मानिया आणि न्यूझीलंडचं दक्षिण बेट सोडलं तर जवळजवळ सगळा समुद्रच आहे. पश्चिमेचे वारे तिथे अडथळ्याशिवाय पृथ्वीला फेरी घालतात. शिडांच्या जहाजांवरचे खलाशी या पट्ट्याला 'गरजणारे चाळीस' अशा अर्थाच्या नावाने ओळखायचे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यामधला, सुमारे दोन हजार किलोमीटर रुंदीचा टास्मान समुद्र याच पट्ट्याच्या दारात आहे. मावशीचं जहाज त्यात होतं.

लाट धावते म्हणजे पाणी धावतं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत एक लाट पळताना दिसते, पण ताट आपल्या जागेवरच असतं. ते फक्त वाकतं आणि उभं राहतं. समुद्रातही पाण्याचा थेंब जवळपास जागच्या जागी गोल फिरतो, आणि पुढे जाते ती ताकद. म्हणून ती फार दूर जाऊ शकते. दोन शिखरांमध्ये चौदा सेकंदांचं अंतर असेल तर खोल समुद्रात त्या शिखरांमधली लांबी साधारण ३०० मीटर भरते, आणि अशा लाटांचा जथा दिवसाला ९०० किलोमीटरहून जास्त पल्ला मारतो. आठ सेकंदांच्या लाटांची लांबी १०० मीटर, आणि त्यांचा जथा जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त वेगाने सरकतो. म्हणजे लांब लाटा पुढे पळतात, आखूड मागे राहतात. दूर कुठेतरी वादळ झालेलं असतं, आणि इथे निळं आभाळ, वारा नाही, पण जहाज डोलतंय. काकांना याचंच आश्चर्य वाटत होतं. "ऊन पडलंय रे लख्ख, मग हे हलतंय कशानं?" ते हलत होतं कालच्या, दुसऱ्याच कुठल्यातरी वाऱ्यानं.

हा प्रकार आपल्याही किनाऱ्यावर होतो. दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लांब लाटा काही दिवसांनी केरळच्या किनाऱ्याला येऊन भिडतात आणि कसलाही वारा-पाऊस नसताना वस्तीत पाणी शिरतं. मल्याळममध्ये त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्याचे इशारे देते.

तर कप्तानाने त्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं, लाटा पाच मीटरच्या आहेत. मावशीला वाटलं, प्रत्येक लाट पाच मीटरची. हा आकडा नीट समजून घेतलेला बरा. समुद्रात सगळ्या लाटा सारख्या नसतात, म्हणून त्यांतल्या सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढतात आणि तोच आकडा सांगतात. म्हणजे बहुतेक लाटा पाचपेक्षा लहान, पण काही बऱ्याच मोठ्या. साधारण हजार लाटांमागे एखादी या आकड्याच्या पावणेदोन-दोन पट भरते. दहा सेकंदाला एक लाट धरली तर तीन तासांत हजार लाटा होतात. तेव्हा 'पाच मीटर' ऐकलं की समजायचं, जेवण ते चहा एवढ्या वेळात एखादी नऊ मीटरची येऊन जाईल. ती आली की बशा वाजतात, कोणीतरी किंचाळतं, आणि मग पुन्हा आपलं नेहमीचं डोलणं सुरू. यात अघटित काही नाही, हे गणितातच आहे. गणिताला धक्का देणाऱ्या लाटाही असतात म्हणा. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या ड्राउप्नर या तेलफलाटावरच्या यंत्राने सुमारे साडेपंचवीस मीटरची एकटी लाट नोंदवली. तोवर खलाशी असल्या गोष्टी सांगत आणि शिकलेले लोक हसत. पण हे मी मावशीला फोनवर सांगितलं नाही.

उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, हे मात्र सांगितलं. तीनशे मीटरचं जहाज शंभर मीटरच्या लाटांवर आलं तर एकाच वेळी तीन लाटांवर टेकलेलं असतं. लाकडी फळी खडबडीत रस्त्यावरून ओढावी तसं ते जातं, फारसं वर-खाली होत नाही. लाटाच तीनशे मीटरच्या आल्या की जहाजाचं पुढचं टोक चढावर, मागचं उतारावर, आणि मग उलट. उंची तेवढीच, पण पोटावरचा परिणाम अगदी वेगळा.

आता उलटण्याचं. क्रूझचं जहाज बघितलं की कोणालाही शंका येते, कारण पाण्याखाली ते जेमतेम आठ-नऊ मीटर असतं आणि वर पन्नास-साठ मीटरची चाळ उभी. आपल्याकडे हंगामात उसाच्या ट्रॉल्या चिकोडी-संकेश्वरच्या रस्त्यांवर अशाच वरपर्यंत भरलेल्या दिसतात, आणि वळणावर एखादी आडवी झालेलीही दिसते. ट्रॉली आडवी होते कारण वजन वर असतं. जहाजात उलटं आहे. इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या, सगळा जड माल तळाला. वरचे मजले दिसायला भरभक्कम, पण त्यांत खोल्या म्हणजे बहुतांशी हवा. शिवाय ट्रॉलीखाली रस्ता असतो, जहाजाखाली पाणी. जहाज उजवीकडे कललं की उजवीकडचा जास्त भाग पाण्यात बुडतो, तिथलं पाणी जास्त जोराने वर ढकलतं आणि जहाज पुन्हा सरळ होतं. जत्रेत मिळणारी, पाडली तरी उठून बसणारी बाहुली आठवा.

ही बाहुली किती जोरात उठून बसते, यात खरी गंमत आहे. वजन फारच खाली असेल तर जहाज कललं की झटक्यात परत येतं. सुरक्षित, पण आतल्या माणसांचे हाल. वजन थोडं वर असेल तर ते सावकाश कलतं, सावकाश परत येतं. प्रवासी जहाजं बांधणारे हा सावकाशपणा मुद्दाम राखतात, अर्थात सुरक्षेची ठरलेली मर्यादा सांभाळून. म्हणजे ज्या लांब, आळशी डोलण्याला मावशी घाबरली, ते तिच्या सोयीसाठी ठेवलेलं होतं! झटके देणारं जहाज जास्त ताठ असतं, आणि तरी आपण त्यालाच जास्त शिव्या घालतो.

जहाजाला धोका कशाचा, तर आत मोकळं सांडलेल्या पाण्याचा. सायकलवरून दूध घालणाऱ्या माणसाला विचारा. भरलेला कॅन गप्प बसतो, अर्धा कॅन हिंदकळतो आणि वळणावर सायकल ओढतो, कारण दूध नेमकं कलत्या बाजूला धावतं. १९८७ साली बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर एक ब्रिटिश फेरीबोट अशीच गेली. गाड्या आत घ्यायचा पुढचा दरवाजा उघडा राहिला, वाहनांच्या मजल्यावर पाणी शिरलं, काही मिनिटांत बोट आडवी, १९३ मृत्यू. समुद्र खवळलेला नव्हता. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझचं जहाज शांत पाण्यात खडकावर गेलं, ३२ मृत्यू. आमच्या आधीच्या पिढीच्या मनात मात्र वेगळं नाव आहे, 'रामदास'. १७ जुलै १९४७ ला भर पावसाळ्यात मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मावशीच्या आईने ती गोष्ट तिला लहानपणी सांगितलेली, आणि टास्मान समुद्रात ती बरोबर आठवली. आजच्या प्रवासी जहाजाच्या हिशेबात सगळे प्रवासी घाबरून एकाच बाजूला गोळा झाले तरी जहाज दहा अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मी तो तिला सांगितला. त्याने तिला धीर आला की नाही माहीत नाही. ती म्हणाली, "सगळे एका बाजूला जायला उभं कोण राहतंय इथं?"

एका गोष्टीवर कप्तानाचं सतत लक्ष असतं. नागपंचमीला झाडाला झोका बांधतात. झोक्याला स्वतःची एक लय असते, आणि त्या लयीत हळूच जरी ढकललं तरी तो चढत जातो. लय चुकवून ढकललं तर जोर लावूनही काही होत नाही. जहाजाच्या डोलण्यालाही अशीच स्वतःची लय असते. लाटा नेमक्या त्याच लयीत येऊन भिडू लागल्या की डोलणं वाढत जातं. उपाय झोक्यासारखाच: लय मोडायची. दिशा थोडी बदलायची किंवा वेग कमी-जास्त करायचा, म्हणजे लाटा भिडण्याचा ताल बदलतो. मध्यरात्री जहाजाने वळण घेतलं, वेग उतरला, असं जाणवलं तर बऱ्याचदा हेच चाललेलं असतं. आणि त्यामुळेच बंदरं चुकतात. मावशीच्या फेरीतला मिलफर्ड साउंड, म्हणजे न्यूझीलंडची डोंगरांत शिरलेली खाडी, रद्द झाला. जावयाला त्याचं फार वाईट वाटलं, मावशीला अजिबात नाही.

जहाजाला पंखही असतात. पाण्याखाली दोन्ही बाजूंना, विमानाच्या पंखांसारखे, आत ओढून घेता येणारे. जहाज डावीकडे कलू लागलं की यंत्र क्षणात ओळखतं, डावा पंख पाण्याला धरून वर उचलतो, उजवा खाली दाबतो. डोलणं खूपच कमी होतं. मर्यादा दोन. पंखांवरून पाणी वाहायला हवं, म्हणजे जहाज चालतं हवं. आणि ते फक्त डावं-उजवं आवरतात. पुढचं टोक वर-खाली होणं त्यांच्या आवाक्यातलं नाही, कारण तीनशे मीटर लांबीच्या तराजूपुढे ते पंख म्हणजे चमचे.

करकर कशाची, हे राहिलंच. पोलादी जहाज लाटेवर किंचित वाकतं, वाकायलाच हवं, आणि खोल्यांच्या भिंतींचे पत्रे-फळ्या एकमेकांवर घासतात. मधूनच 'धडाम' होतं ते पुढचं टोक वर येऊन पाण्यावर आपटल्याचं. जुन्या घराचं छप्पर रात्री बोलतं, तसंच हे.

हे झालं पहिलं यंत्र. दुसऱ्याचा समुद्राशी काही संबंध नाही, ते चोर्ला घाटातही तितकंच कामात असतं.

गवंडी भिंत सरळ आहे का बघायला पाणसळ लावतो, काचेच्या नळीत बुडबुडा. आपल्या प्रत्येक कानाच्या आत अशा पाणसळी असतात: द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या, तीन वेगवेगळ्या दिशांना, डोकं वळलं की कळायला. शेजारी दोन पिशव्या, त्यांत चुनखडीचे सूक्ष्म कण, वर-खाली आणि पुढे-मागे कळायला. मेंदू या खबरींची डोळ्यांच्या खबरीशी सतत पडताळणी करतो. खोलीत बसल्यावर डोळे सांगतात, भिंत स्थिर आहे, टेबल स्थिर आहे. कान सांगतो, आपण वर चाललोय, आता खाली. दोन साक्षीदार, दोन जबान्या. मेंदूला अपेक्षित होतं त्याच्याशी काहीच जुळत नाही, आणि मळमळ सुरू होते. बोट लागण्याचं सर्वांत मान्य स्पष्टीकरण हे आहे. यात कान मुख्य आरोपी, डोळा साथीदार. कारण अंध माणसालाही बोट लागते, पण कानातलं हे इंद्रियच निकामी झालेल्या माणसाला लागत नाही.

सगळीच हालचाल सारखी त्रास देत नाही. पाच-सहा सेकंदांत एकदा वर-खाली, हा वेग सर्वांत वाईट. घोडा, सायकल, धावणं यांत याहून कितीतरी भरभर हादरे बसतात, तरी पोट शांत असतं.

पण ओकारीच का? डोकं दुखायला हवं होतं, पोटाचा काय संबंध? १९७७ साली ट्राइसमन या संशोधकाने एक तर्क मांडला. निसर्गात डोळे आणि कान यांचं भांडण एरवी विषबाधेत होतं, म्हणून मेंदू समजतो की काहीतरी वाईट खाल्लंय आणि ते बाहेर काढायला बघतो. सगळ्यांना हा तर्क पटलेला नाही. मला मात्र आवडतो.

लाज वाटण्याचं कारण नाही, हे आवर्जून सांगतो, कारण मावशीला वाटत होती. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर होता आणि त्याला शेवटपर्यंत बोट लागत राहिली. ब्रिटिश आरमाराचा नेल्सन, त्यालाही.

मग करायचं काय? एसटीच्या शेवटच्या बाकड्यावर बसलेला माणूस खड्ड्यात सर्वांत उंच उडतो आणि मधल्या सीटवरचा झोपलेला असतो. जहाजातही मधोमध आणि खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी. म्हणजे पोटाच्या दृष्टीने स्वस्तातली खोली उत्तम, आणि अगदी वर, अगदी पुढे असलेला महागडा स्वीट सर्वांत वाईट. जावयाने प्रेमाने वरची खोली घेतली होती. मी मावशीला दिवसभर खाली मधल्या हॉलमध्ये जाऊन बसायला सांगितलं, खिडकीपाशी, नजर क्षितिजावर. क्षितिज हलत नाही, जहाज हलतं हे डोळ्यांनाही दिसू लागतं, आणि दोन्ही साक्षीदार एकच सांगू लागतात. तेही जमत नसेल तर डोळे मिटून आडवं पडायचं. मोबाइल मात्र नको. फोनवर वाचणं म्हणजे भांडणाऱ्या दोघांना आणखी चिथावणं.

गोळीचं गणित बहुतेकांचं चुकतं. पोट बिघडू लागलं की त्याचं पुढे ढकलण्याचं काम मंदावतं, आणि नंतर घेतलेली गोळी तिथेच पडून राहते किंवा बाहेर येते. म्हणून ती आधी घ्यायची. ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते. कानामागे लावायची पट्टी असते, ती काही तास आधी लावावी लागते आणि तीन दिवस चालते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आल्याचा उपयोग काहींना होतो. आलेपाकाने नुकसान तर नाहीच. रिकामं पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही वाईट. अनेक जहाजांवर अशा दिवशी हिरवी सफरचंदं आणि कोरडी बिस्किटं ठेवतात. मावशीने सिडनीतल्या इंडियन दुकानातून लेकीने घेऊन दिलेल्या चिरमुऱ्यांवर तो दिवस काढला.

चालताना एक हात कठड्यावर हवाच. वादळी दिवशी जहाजावर लोक जायबंदी होतात ते बुडून नाही, तर बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून, जड दरवाजात बोटं सापडून आणि जिन्यावरून पडून.

दोन-तीन दिवसांत बहुतेकांचा मेंदू नवा हिशेब शिकतो. मावशी तिसऱ्या दिवशी उठून नाश्त्याला गेली, चौथ्या दिवशी गरब्याला. पण शिकलेलं उतरायलाही वेळ लागतो. सिडनीला उतरल्यावर आंघोळीच्या वेळी डोळे मिटले की फरशी डोलायची. हे एक-दोन दिवसांत जातं. महिनाभर राहिलं तर डॉक्टरकडे जायचं.

परतताना ती दोघं गोव्यात उतरली. मी गाडी घेऊन गेलो होतो. टास्मान समुद्र पार केलेली बाई म्हणून मी तिला मागच्या सीटवर निर्धास्त बसवलं. चोर्ल्याच्या तिसऱ्या वळणावर मागून आवाज आला, "थांबव रे." मेंदू शिकतो ते एका हालचालीपुरतं. जहाजाचं गाडीला चालत नाही. काका मुकाट्याने उतरले, मागचं दार उघडलं, आणि तिला पुढे बसवून स्वतः मागे गेले.